कोर्लईत रविवार

मिस्सा सुरू व्हायला थोडा वेळ आहे आणि पुढच्या बाकावरच्या दोन बायांचं भांडण चाललंय. आवाज चर्चमध्ये शोभेल इतका खालचा, हातवारे मात्र मासळीबाजारातले. बोलण्याची चाल ओळखीची वाटते. वाक्य कुठे चढतं, कुठे उतरतं, शेवटच्या शब्दावर कसं आपटतं, सगळं मराठीसारखं. शब्द मात्र एकही हाताला लागत नाही. मधेच 'बाजार' कानावर येतो आणि पुन्हा सगळं परकं. तेवढ्यात घंटा होते. दोघी उठतात, पदर सारखा करतात आणि स्वच्छ मराठीत गाऊ लागतात.

बाकीचंही चर्च गाऊ लागतं. पेटी आहे, झांज आहे, डोळे मिटून ठेका धरणारे एक काका आहेत. डोळे मिटले तर आपण भजनाला बसलोय असं वाटावं. उघडले तर समोर वेदीवर कार्मेलमाता, कडेवर बाळ, भोवती फुलांच्या माळा आणि रंगीत दिवे.

रायगड जिल्ह्यातलं मुरूड तालुक्यातलं हे कोर्लई. अलिबागहून मुरूडकडे जाणारी एसटी रेवदंड्याच्या पुढे कुंडलिकेची खाडी ओलांडते, साळावला येते, आणि मग उजव्या हाताला समुद्रात घुसलेली डोंगराची एक लांबट सोंड दिसू लागते. सोंडेवर किल्ला, पायथ्याला गाव. गावातल्या ख्रिस्ती घरांमध्ये आजही पोर्तुगीजपासून झालेली एक बोली बोलली जाते. बोलणारे हजाराच्या आसपास. जगाच्या पाठीवर ही बोली दुसऱ्या कुठल्याच गावाची नाही. भाषाशास्त्रज्ञ तिला 'कोर्लई पोर्तुगीज क्रिओल' म्हणतात. गावातली माणसं नुसतं 'नॉ लिंग' म्हणतात, आपली भाषा.

माझ्यासारख्या नागपूरच्या माणसाला चर्च म्हटलं की छावणी आठवते. १८२१ साली इंग्रजांनी कामठीला लष्कराचा तळ टाकला, मागोमाग चर्च आलं. नागपुरातल्या सदरचं ऑल सेंट्स कॅथेड्रल १८५१ सालचं, रिचर्ड सँकी नावाच्या लष्करी इंजिनिअरनं आखलेलं. बंगळुरूचा सँकी तलाव त्याच्याच नावाचा. देखणी इमारत आहे, पण ती साहेबानं साहेबासाठी बांधली होती, हे तिच्या कमानींखालून जाताना जाणवतं. इथे, कोर्लईत, तसं काही वाटत नाही. पंखे घरघरतायत. खिडकीतून सुक्या मासळीचा वास येतोय. एक लहान पोर बाकाखालून सरपटत वडिलांकडून आजीकडे जातं आणि आजी त्याला न बघताच मांडीवर ओढते. इथून जाणारे केव्हाच निघून गेले. हे चर्च राहिलेल्यांचं आहे.

फादर प्रवचन करतायत. विषय क्षमेचा आहे, आणि पुढच्या बाकावरच्या दोघी एकमेकींकडे न पाहता ऐकतायत. मराठी सोपी, थोडी पुस्तकी. 'ऋण', 'अंतःकरण', 'सहनशीलता'. लोक माना डोलावतात. उत्तराची वाक्यं सगळ्यांना पाठ आहेत, एका सुरात येतात. मी कान देऊन बसलोय की या सगळ्यात ती दुसरी भाषा कुठे डोकावते का. वेदीपाशी नाही. वाचनात नाही. गाण्यात नाही. ती डोकावते ती फक्त मागे, दाराशी, जिथे उशिरा आलेली पोरं उभी आहेत आणि एकमेकांच्या कानात काहीतरी पुटपुटून हसू दाबतायत.

मिस्सा संपते. बाहेर ऊन आहे, समोर क्रूस आहे, आणि क्रूसाच्या चौथऱ्यावर सावली बघून म्हाताऱ्या बसतात. मी त्यांतल्या एका आजींजवळ जाऊन बसतो.

"आजी, मघाशी आत तुम्ही कोणत्या भाषेत बोलून राहिल्या होत्या?"

"राहिल्या होत्या?" त्या माझ्याकडे बघतात. "कुठं राहिल्या होत्या?"

मी समजावतो की आमच्या नागपूरकडे असंच बोलतात. आजी शेजारणीला कोपरानं ढोसून आपल्या भाषेत काहीतरी सांगतात आणि चौथऱ्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्या हसतात. भाषांतर मला कुणी देत नाही. मागायचं धाडसही होत नाही.

"तुमच्या लहानपणी फादर तुमच्याशी त्या भाषेत बोलायचे का?" असं मी विचारायच्या आधीच आजी सांगू लागतात, कारण हा प्रश्न त्यांना आधीच्या पाहुण्यांनीही विचारलेला असणार. जुने पाद्री पोर्तुगीज बोलायचे. ती मोठी भाषा, आमची छोटी. पण कळायचं. त्यांचं आम्हाला, आमचं त्यांना. प्रार्थना त्या भाषेत पाठ होत्या. मग सगळं मराठी झालं.

"आता कबुली द्यायची तर मराठीत?"

"मग! फादरना आमची भाषा येत नाही. पापं मराठीत सांगावी लागतात." आजी जराशा थांबतात. "बरं पडतं. मराठीत कमी वाटतात."

पापांचं सोडा, पण या गावाची सगळी गोष्ट त्या उत्तरात आहे. पोर्तुगीज चौलला १५०५ च्या सुमाराला आले. १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीकडून परवानगी मिळवून त्यांनी खाडीच्या पलीकडच्या काठावर, आजच्या रेवदंड्याला, बस्तान बसवलं. समोरची ही डोंगराची सोंड निजामशहाच्या ताब्यात होती. तिच्यावर त्यानं गढी बांधून तोफा रोखल्या आणि १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हल्ला करून ती घेतली. तिथून पुढे जवळजवळ दीडशे वर्षं दोन्ही काठ त्यांचे. किल्ल्यावर शिपाई, पायथ्याला शिपायांची, चाकरांची, नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांची वस्ती. मालकाची पोर्तुगीज आणि घरातली मराठी यांच्या घर्षणातून एक तिसरीच बोली झाली. शब्द बहुतेक पोर्तुगीज, वाक्याचा सांगाडा आपला. पोर्तुगीज माणूस क्रियापद मधे घालतो. कोर्लईकर मराठीसारखं शेवटी नेऊन ठेवतो. मघाशी आत ओळखीची वाटली ती चाल हीच. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि १९९६ मध्ये तिच्यावर पुस्तक काढलं. त्यांचा मुख्य मुद्दाही हाच, की मराठीनं ही बोली आतून हळूहळू वळवत नेली.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. पुढच्याच वर्षी चौल आणि कोर्लईही मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज गेले ते कायमचे. आमच्या नागपूरच्या रघुजी भोसल्यांचे स्वार त्याच दशकात बंगालवर चालून जात होते, म्हणजे किती जुनी गोष्ट ते बघा. राज्य गेल्यावर भाषाही जायला हवी होती. मालक नाही, दरबार नाही, शाळा नाही, लिहायला लिपी नाही. गेली नाही, याला एक कारण वस्तीचं: ख्रिस्ती झालेली ही माणसं शेजारच्या हिंदू समाजापासून रोटी-बेटीनं तुटलेली होती, आपसातच लग्नं करत होती. दुसरं कारण म्हणजे हे चर्च. पूर्वेकडच्या चर्चांवर पाद्री नेमण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजाकडे होता, 'पाद्रुआदो' म्हणत त्याला. जमीन गेली तरी तो हक्क लगेच गेला नाही. भगवा झेंडा किल्ल्यावर, नंतर युनियन जॅक, आणि पायथ्याच्या चर्चमध्ये मात्र गोव्याकडून आलेला, पोर्तुगीज बोलणारा पाद्री. दर रविवारी गावाला आपल्या बोलीच्या मोठ्या बहिणीची गाठ पडत होती.

हे थांबलं १९६० च्या दशकात. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, आणि १९६२ ते ६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासना लोकांच्या भाषेत करायची मुभा दिली. लोकांची भाषा म्हणजे कुठली, हा प्रश्न कोर्लईत कुणी विचारला असेल असं वाटत नाही. महाराष्ट्रातलं गाव, लोकभाषा मराठी. झालं. निर्णय चांगल्या हेतूचा होता आणि मला तो चुकीचाही वाटत नाही. लॅटिनमधल्या मंत्रांपेक्षा समजणारी प्रार्थना केव्हाही बरी. पण राजे, सुभेदार, कलेक्टर यांना दोन-सव्वादोनशे वर्षांत जे जमलं नाही ते देवाला मराठी येऊ लागल्यावर सोपं झालं. शाळा मराठी, मिस्सा मराठी, आणि आता पोरांना इंग्रजी. या बोलीला राखणारी भिंत आतूनच काढली गेली.

आजींना हे सगळं ऐकवण्यात अर्थ नाही. त्यांना माझ्या जेवणाची काळजी आहे.

"किल्ला बघून या आधी. ऊन वाढलं की जमायचं नाही. हा येईल बरोबर." हा म्हणजे त्यांचा नातू, विशीतला, मुंबईला हॉटेलात कामाला. सुटीवर आलाय. माझ्या नागपुरी चपलांकडे बघून तो म्हणतो, "काका, यावर चढणार?" आणि उत्तराची वाट न बघता निघतो.

रस्ता कोळीवाड्यातून जातो. दोन्ही बाजूंना वलांडीवर बोंबील लटकलेत, खाली प्लास्टिकच्या कागदावर जवळा पसरलाय, कावळ्यांवर काठी घेऊन एक म्हातारा बसलाय. होड्यांवर रंगीत पताका. नातू जाता जाता एका कोळणीशी चार वाक्यं बोलतो, ती कोळी मराठीत. मग वळून माझ्याशी बोलतो ती शाळेतल्या मराठीत. मधे फोन येतो तो हिंदीत. आपण किती भाषा बदलल्या हे त्याच्या गावीही नाही.

पुढे दीपगृह लागतं. १९५५ मध्ये बांधलेलं, पांढऱ्या-लाल रंगाचं, समुद्राकडे तोंड करून. त्याच्या मागून किल्ल्याच्या पायऱ्या निघतात. पायऱ्या उभ्या आहेत, आणि सपाट मुलखात आयुष्य काढलेल्या माणसाला त्या जास्तच उभ्या वाटतात. नातू वर जाऊन थांबतो, मी पोचलो की पुन्हा निघतो, त्यामुळे विश्रांती फक्त त्यालाच मिळते.

माथा म्हणजे घोड्याची पाठ आहे, तितकाच अरुंद. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला खाडी, मधल्या चिंचोळ्या कण्यावर एकामागून एक तट आणि दरवाजे. एका दरवाजावरच्या पोर्तुगीज लेखाचा अर्थ 'लढल्याशिवाय आत प्रवेश नाही' असा इथे येणाऱ्यांना सांगितला जातो. आज तिथून एक बकरी कुणाशीही न लढता आत जाते.

आणि मग ते दुसरं चर्च. छप्पर नाही. चार भिंती, वेदीच्या जागेची कमान, वर मोकळं आकाश. भिंतीच्या सांध्यातून गवत उगवलंय, वाळलंय, पुन्हा उगवलंय. जवळच पाण्याचं टाकं आणि महादेवाचं छोटं देऊळ, समोर तुळशीवृंदावन. मराठ्यांनी किल्ला घेतला तेव्हा बुरुजांची नावं बदलली, संतांच्या नावांच्या जागी आपली दिली. चर्चला त्यांनी काय केलं याचा मी विचार करत असतो, तर नातू म्हणतो, "छप्पर लाकडाचं असणार. लाकूड कोण ठेवतो?" हॉटेलात काम करणाऱ्या पोराचा हा इतिहास मला पटतो.

उत्तरेला खाडीच्या मुखापलीकडे रेवदंड्याची नारळाची बनं दिसतात. त्या बनांत आणखी अशीच चर्चं आहेत, मोडकी, वेलींत गुरफटलेली. सातखणी म्हणून ओळखला जाणारा फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा मनोरा त्यांतच आहे, आता चारच खणांचा. ती सगळी बघायला लोक येतात, फोटो काढतात. रेवदंड्यात चर्चं राहिली, ती भाषा नाही. कोर्लईत किल्ल्यावरचं चर्च पडलं, पायथ्याचं चालू राहिलं, म्हणून भाषा राहिली. दगडाचा आणि भाषेचा संबंध इतकाच: आत माणसं लागतात.

"तंजावरला मराठी बोलतात, माहीत आहे?" मी नातवाला विचारतो. त्याला माहीत नाही. मी सांगतो. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी तिथे १६७६ च्या सुमाराला राजे झाले, राज्य १८५५ मध्ये इंग्रजांनी खालसा केलं, आणि तरी तमिळनाडूतल्या कितीतरी घरांत अजून मराठी बोलतात. तुमच्या-आमच्या मराठीसारखी नाही, तमिळ चालीची. आपण ऐकली तर अर्धी कळते.

"म्हणजे आमच्यासारखं," तो म्हणतो.

"उलटं. तिथे आपण पोर्तुगीज."

त्याला हे भलतंच आवडतं. उतरताना दोनदा तेच म्हणतो, "तिथे तुम्ही पोर्तुगीज," आणि हसतो. मी त्याला कोचीची गोष्टही सांगणार असतो. तिथेही अशीच एक पोर्तुगीज बोली होती. २०१० मध्ये विल्यम रोझारियो नावाचे गृहस्थ वारले आणि ती अस्खलित बोलणारं कुणी उरलं नाही. पण पोराचा रविवार आहे, सुटी आहे. नाही सांगत. दमण आणि दीवला मात्र अजून बोलणारे आहेत, एवढं सांगतो, आणि तो विचारतो, "तिकडे जाऊन मी बोललो तर कळेल?" थोडंफार कळावं. पण क्रियापद तू शेवटी टाकशील आणि ते हसतील, जशी तुझी आजी मला हसली.

खाली येईस्तोवर ऊन डोक्यावर आलंय. घरोघरी फोडण्यांचा वास. आजींच्या ओट्यावर एक छोटी मुलगी गृहपाठ करत बसलीय, इंग्रजी शब्दांसमोर मराठी अर्थ लिहितेय. मी विचारतो, आजीची भाषा येते का तुला? ती मान हलवते, धड हो नाही आणि धड नाही नाही. समजते, पण बोलत नाही, तिची आई आतून सांगते. शाळेत हसतात म्हणून. मग आजी स्वयंपाकघरातून त्याच भाषेत काहीतरी ओरडतात आणि मुलगी वहीतून मान न काढता, पटकन, त्याच भाषेत उत्तर देते. आई आणि मी एकमेकांकडे बघतो.

जेवायला तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण, भात. विदर्भातल्या जिभेला नारळ जास्त आणि तिखट कमी. तेही मी बोलून दाखवतो आणि पुन्हा हशा होतो. सणाला या, आजी सांगतात, १६ जुलैला, कार्मेलमातेचा सण. जुलैत कोकणात? पावसात? "पावसात काय होतंय," त्या म्हणतात. "समुद्र बंद असतो, सगळे घरी असतात. तेव्हाच तर यायचं."

नातू मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला येतो. मुरूडहून येणारी गाडी उशिरा आहे. रविवारी ती उशिराच असते, तो म्हणतो. मी त्याला विचारतो, मुंबईत ही भाषा कुणाशी बोलतोस? खोलीवर गावचाच एक पोरगा आहे, त्याच्याशी. आणि आईशी फोनवर. लोकलमध्ये, हॉटेलात, सेठसमोर, कुठेही.

"लाज नाही वाटत?"

"लाज कसली? उलट बरं असतं. सेठबद्दल सेठसमोरच बोलता येतं." त्याला शाळेत वाटायची लाज, ओट्यावरच्या मुलीला वाटते तशीच. मुंबईला गेल्यावर गेली. तिथे सगळेच कुठली ना कुठली भाषा घेऊन आलेत, बिहारी पोरं, नेपाळी पोरं. आपल्याकडे असलेली भाषा दुसऱ्या कुणालाच येत नाही, म्हणून त्याचा भावही वधारला. त्यानं खोलीवरच्या एका नेपाळी पोराला दोन-चार शिव्या शिकवल्यात. त्या तो मला शिकवत नाही. "तुम्ही मोठे आहात."

त्याचा फोन वाजतो. आईचा आवाजी निरोप आहे. तो स्पीकरवर लावतो. लांबलचक वाक्य, शेवटच्या शब्दावर आपटणारं. मी विचारतो, काय म्हणतात?

"विचारते, त्या नागपूरच्या माणसाला गाडीत खायला काही दिलंस का." तो खिशातून कागदाची पुडी काढतो. "विसरलोच होतो. सोडे आहेत. गाडीत उघडू नका, वास येतो."